फौज नसलेला कप्तान : बुलढाण्याचा मेडोज टेलर

लोणारला व्याख्यान म्हटलं की सरोवर आलंच. पण अकबराच्या काळात 'आईने अकबरी'त आपल्या खाऱ्या पाण्याची नोंद झाली, तेव्हा हा मुलूख मेहकर सरकारात होता. मोगल गेले, निझाम आला. 1853 साली निझामाने फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी वऱ्हाड कंपनीकडे सोपवला. आज मी बोलणार आहे ते त्यानंतर चार वर्षांनी इथे आलेल्या एका माणसाबद्दल. फिलिप मेडोज टेलर त्याचं नाव.

जन्म 1808, लिव्हरपूलचा. पंधराव्या वर्षी मुंबईत आला तो एका व्यापाऱ्याकडे कारकुनी करायला. तिथे काही जमलं नाही, आणि निझामाच्या फौजेत नोकरी मिळाली. पुढची सगळी हयात दख्खनमध्ये गेली. शिपाई झाला, पोलीस अधिकारी झाला, मग सुरपूर संस्थानचा कारभारी. 1853 नंतर नळदुर्गला होता. तुळजापूर तिथून जवळच. तिथल्या मातीतूनच पुढे 1863 साली त्याची 'तारा' ही कादंबरी आली.

त्याची बायको मेरी ही हैदराबादचे सावकार विल्यम पामर यांची मुलगी. तिची आजी हिंदुस्थानी मुसलमान. म्हणजे या ख्रिस्ती संसारात दोन जग आधीच एकत्र नांदत होती. मेरी 1844 साली वारली.

1857 साली उठाव पेटला आणि टेलरला बुलढाण्याला धाडण्यात आलं. हाताशी फौज नाही, रेसिडेंटकडून मिळण्याची आशाही नाही. मग त्याने केलं काय? पाटील-देशमुखांशी बोलणं ठेवलं, लोकांचं ऐकून घेतलं. जिल्हा शांत राहिला. इंग्रजी पुस्तकं याला सज्जनपणाचा विजय म्हणतात.

आता मी तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी. 'सज्जनपणा' म्हटलं की मला लगेच विचारावंसं वाटतं, कोणाच्या उपयोगाचा? याच शांत वऱ्हाडातून टेलरने जनरल व्हिटलॉकच्या मद्रास फौजेसाठी ओढीचे बैल पुरवले. ती फौज उत्तरेला गेली आणि 1858 च्या एप्रिलमध्ये बांद्याच्या नवाबाशी लढली. आपल्या शेतकऱ्याच्या दावणीचा बैल तिकडच्या लढाईत जुंपला गेला. इथलं रक्त वाचलं हे खरं. तिकडचं सांडायला मदत झाली, हेही खरंच.

याहून जड गोष्ट सुरपूरची. तिथला राजा व्यंकटप्पा नाईक लहान असताना टेलरच्या देखरेखीत वाढला. तो टेलरला 'आप्पा' म्हणायचा. हाच मुलगा 1858 साली इंग्रजांविरुद्ध उठला आणि पकडला गेला. टेलर त्याला कैदेत भेटला. साथीदारांची नावं सांग असं सांगितलं, तर राजाने साफ नकार दिला. फाशीऐवजी तोफेने उडवा, एवढंच त्याचं मागणं. फाशीची शिक्षा कमी होत होत चार वर्षांच्या कैदेवर आली. पण कैदेत नेताना वाटेतच पिस्तुलाच्या गोळीने तो गेला. वय जेमतेम चोवीस. त्याचं संस्थान सांभाळायला सरकारने कोणाला पाठवलं? टेलरलाच.

बापासारखं प्रेम आणि सरकारची चाकरी, दोन्ही एकाच माणसात. यातलं कुठलंच खोटं नव्हतं असं मला वाटतं, आणि म्हणूनच तो मला अस्वस्थ करतो. तो ढोंगी असता तर आपलं काम सोपं होतं. शिव्या घातल्या की संपलं. पण हा माणूस लोकांची भाषा शिकला, त्यांच्या राजासाठी हळहळला, देवाची भक्ती मनापासून करत राहिला, आणि ज्या राज्याने त्या राजाला संपवलं त्याची चाकरी त्याने सोडली नाही.

1860 साली तो मायदेशी परतला, 1876 साली वारला. त्याचं आत्मचरित्र त्याच्या मुलीने संपादून 1877 साली प्रसिद्ध केलं. ते वाचा. त्याची आरती ओवाळायला नको, आणि त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायलाही नको. आपणही कुठल्या ना कुठल्या व्यवस्थेची चाकरी करतोच. आपल्या चांगुलपणाचे बैल कोणाच्या गाड्याला जुंपले जातात, एवढं ते वाचताना स्वतःला विचारावं. मी तेवढ्यासाठीच ते पुन्हा पुन्हा वाचतो.