महासाथ-सज्जता : पालघर व बोईसर-तारापूर
महासाथीची सज्जता म्हणजे खाटा आणि प्राणवायू, हा समज पालघरमध्ये अपुरा ठरतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याचे विखुरलेले पाडे आहेत, तशाच तारापूर औद्योगिक वसाहतीतील परप्रांतीय कामगारांच्या बोईसरमधल्या दाट चाळीही. मार्च २०२० च्या टाळेबंदीत रोजंदारी बुडाली आणि अनेक मजूर गावाकडे निघाले. टाळेबंदीमुळे तयारीला वेळ मिळतो, हा युक्तिवाद रास्तच. पण सामाईक नळावर हंडे लावणाऱ्यांनी अंतर पाळायचे कसे? मुंबईच्या प्लेगमुळे आलेला १८९७ चा साथरोग कायदा अधिकाऱ्याला अधिकार देतो, मजुराला मजुरी नव्हे. तेव्हा आधी हवी भाड्याच्या खोल्यांची नोंद, कुठेही चालणारे रेशनकार्ड आणि विलगीकरणात भरपगारी रजा.