नव्या वाटेवर नवी चूल

पेणच्या खाडीत गलबतं भरतीच्या पाण्यावर आत येत आणि पुढच्या भरतीवर बाहेर पडत. मध्ये साधारण 12 तास. तेवढ्या वेळात खलाशाला, मिठाच्या व्यापाऱ्याला, भात घेऊन मुंबईला निघालेल्या शेतकऱ्याला कुठेतरी पाठ टेकावी लागे, चार घास खावे लागत. पेण आणि रोहा तालुक्यांतल्या पाहुणचाराच्या धंद्याचं मूळ मला त्या 12 तासांत दिसतं. पेणला अंतोरा बंदर, नागोठण्याला अंबा नदीची खाडी, रोह्याला कुंडलिकेची. 1828 नंतर सर जॉन माल्कम यांनी महाबळेश्वरला थंड हवेचं ठिकाण वसवलं, तेव्हा मुंबईचे साहेब समुद्रमार्गे नागोठण्याला उतरून महाडवरून घाट चढू लागले. त्यांच्यामागे भोई आले, हमाल आले. पुढे आगबोटी धरमतरला लागू लागल्या. जिथे बोट लागे तिथे चूल पेटे.

आज मी कोलाडजवळ छोटं पाहुणघर चालवते. माहेर पेणच्या खाडीकाठच्या खारेपाटातलं, सासर रोहा तालुक्यातलं. या धंद्याचा इतिहास मी लिहिते आहे, कारण इथल्या प्रत्येक पिढीला तो नव्यानं सुरू करावा लागला आणि त्याची नोंद कोणी ठेवली नाही.

सुरुवातीची अडचण भांडवलाची नव्हती, पैसे मागण्याची होती. खारेपाटात शेतातल्या तळ्यात जिताडा पाळतात. पावसाळ्यात खाडीतून त्याची पिल्लं आणायची, गोड्या पाण्यात वाढवायची, आणि जावई किंवा मानाचा पाहुणा आला की तळ्यात जाळं टाकायचं. जिताड्याचं कालवण आणि तांदळाची भाकरी हा आमच्याकडचा मोठा मान. ज्या घरात पाहुण्याला असं जेवू घालतात, त्या घरातल्या बाईनं ताटाची किंमत सांगायची म्हणजे लाज वाटण्यासारखी गोष्ट. माझ्या आजीला ती सांगावी लागली.

खारेपाटातली भातशेती मातीच्या बांधांच्या भरवशावर उभी असते. उधाणात बांधाला खांड गेली की खारं पाणी शेतात शिरतं आणि पुढची काही वर्षं तिथे भात पिकत नाही. आमची जमीन अशीच गेली. मिठागरावरचं काम पावसाळ्यात बंद असतं, त्यामुळे मजुरीचाही आधार अर्ध्या वर्षापुरताच. आजी पेण शहरात आली आणि दोन खोल्यांत तिनं खानावळ घातली. तिचे मेंबर म्हणजे मुख्यतः गणपतीच्या कारखान्यांतले कारागीर. पेणच्या मूर्तिकलेला शंभराहून अधिक वर्षांची परंपरा आहे आणि 2023 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या मूर्ती घडवणारे हात रोज कुठे जेवत होते, हे मात्र कुठे लिहिलेलं नाही. त्यातले कितीतरी आजीसारख्या बायकांच्या पंगतीला होते.

त्या खानावळीचा हिशेब कारखान्याच्या हंगामाशी बांधलेला होता. आषाढ-श्रावणात रात्रंदिवस रंगकाम चाले आणि ताटं वाढत. भाद्रपदात कारागीर आपापल्या गावी जात आणि पंगत रिकामी पडे. मेंबर गावी गेला की त्याचे खाडे धरायचे, म्हणजे तेवढ्या दिवसांचे पैसे सोडायचे. उधारी फिटे ती कारखानदाराच्या मूर्ती उचलल्या गेल्यावर. आठ-नऊ महिने वाण्याची वही आजीच्या नावावर भरत असे. ते ओझं तिनं पापडांवर पेललं. उन्हाळ्यात आळीतल्या बायका एकत्र बसून पापड लाटत, आजी ते पेणच्या बाजारात आणि मुंबईच्या गिऱ्हाइकांना विकत असे. पेणचा पापड मुंबईत नावाजला जातो. इथल्या बऱ्याच खानावळींचं भांडवल त्या लाटण्याखालून आलं आहे.

स्वातंत्र्यानंतर चूल बंदरावरून रस्त्यावर आली. 1948 मध्ये एसटी सुरू झाली, पुढे कोकणात तिचं जाळं पसरलं आणि मुंबई–गोवा रस्ता ही आमच्या भागाची मुख्य शीर झाली. 1973 मध्ये वाशीचा खाडीपूल झाल्यावर मुंबईची वाहनं ठाण्याचा वळसा न घेता पनवेल-पेणकडे येऊ लागली. वडखळला अलिबागचा फाटा फुटतो, त्यामुळे ते नाकं बहरलं. माझ्या काकांनी या रस्त्यावर भाड्याच्या जागेत हॉटेल काढलं. चहा, वडा, मिसळ आणि दुपारी राईस प्लेट. हॉटेलचं नशीब एसटीच्या थांब्यावर ठरे. चालक-वाहकाला जेवण द्यायचं आणि त्या बदल्यात गाडीभर उतारू मिळवायचे, असा सर्वत्र रिवाज होता. गाडी वीस मिनिटं थांबणार, तेवढ्यात पन्नास माणसांना गरम खायला द्यायचं. रात्री दोनला सावंतवाडीची गाडी आली तरी भट्टी पेटलेली हवी. काका, काकू आणि त्यांची मुलं पाळीपाळीनं झोपत. ते घर कधी एकत्र जेवायला बसल्याचं मला आठवत नाही.

मग रूळ आले. 1986 मध्ये रेल्वे रोह्यापर्यंत पोचली आणि काही वर्षं रोहा हे शेवटचं स्टेशन राहिलं. शेवटच्या स्टेशनावर उतरणाऱ्याला पुढच्या वाहनाची वाट पाहावी लागते आणि वाट पाहणाऱ्याला भूक लागते, म्हणून रोह्यात स्टेशनाकडे चहाची दुकानं आणि लॉज दिसू लागले. धाटावच्या औद्योगिक वसाहतीतले पाळीवाले कामगारही खानावळींना मिळाले. 19 ऑक्टोबर 1920 रोजी रोह्यात जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवल्यांच्या ओढीनं त्यांच्या स्वाध्याय परिवारातल्या माणसांची ये-जा होतीच. 1993 मध्ये कोकण रेल्वे रोह्याच्या पुढे वीरपर्यंत धावली आणि 1998 मध्ये सलग मार्ग खुला झाला. चाकरमानी आता रात्री गाडीत झोपून सकाळी गावी उतरू लागला. काकांच्या भट्टीवरची रात्रीची गर्दी त्यानंतर विरळ झाली.

सर्वांत मोठा घाव रस्त्यानंच घातला. 2011 च्या सुमारास पळस्पे ते इंदापूर या 84 किलोमीटरचं चौपदरीकरण सुरू झालं आणि दहा वर्षांनंतरही रेंगाळत राहिलं. खड्डे, धूळ, वळवलेली वाहतूक. ज्याला लवकर पोचायचं तो प्रवासी मध्ये थांबेना. वडखळला बाह्यवळण झालं आणि नाक्यावरची वाहनं बाहेरून जाऊ लागली. काकांच्या हॉटेलाची जागा रुंदीकरणात गेली. मोबदला जमिनीच्या मालकाला मिळाला, तो कायद्यानं त्याचाच होता. काकांनी कित्येक वर्षं जमवलेलं गिऱ्हाईक मात्र कुठल्याच पंचनाम्यात आलं नाही. साठी ओलांडलेल्या माणसाला नवी जागा शोधून पुन्हा भट्टी लावावी लागली. त्यांनी ती लावली, आणि त्याचा मला अभिमान आहे.

माझ्या धंद्याचं पाणी मुळशीहून येतं. 1921 मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. धरण झालंच आणि त्यांची गावं बुडाली. त्या पाण्यावर घाटाच्या पायथ्याशी भिऱ्याचं वीजघर 1927 मध्ये सुरू झालं. वीज करून सुटलेलं पाणी कुंडलिकेत येतं, म्हणून ही नदी उन्हाळ्यातही वाहती राहते. याच पाण्यावर कोलाडचं राफ्टिंग चालतं. सकाळी पाणी सोडलं की साजे गावाकडून तराफे निघतात. पाणी सुटलं नाही तर त्या दिवशी तराफाही नाही आणि माझं ताटही नाही. माझी चूल मुळशीच्या विस्थापितांचं देणं लागते, हे मी येणाऱ्या पाहुण्यांना आवर्जून सांगते.

पाहुणघर काढायचं ठरवल्यावर कागदांची रांग लागली. सातबारा, ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला, अन्न परवाना, पर्यटन महामंडळाच्या निवास-न्याहारी योजनेची नोंदणी. घरची जमीन सासऱ्यांच्या आणि त्यांच्या भावांच्या नावावर होती, त्यामुळे तारणाच्या प्रत्येक कागदावर साऱ्या भावकीच्या सह्या हव्या होत्या. सासूबाई माझ्याबरोबर घरोघर आल्या. “सूनबाईला चूल मांडायची आहे, तुम्ही अंगठा द्या,” एवढंच त्या म्हणत. खोल्या उभ्या राहिल्या आणि करोनाची टाळेबंदी लागली. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. आमचे पत्रे उडाले, आंब्याची झाडं आडवी झाली, वीज कित्येक दिवस नव्हती, बँकेचा हप्ता तेवढा चालू होता. तेव्हा धाटावला कामावर जाणाऱ्या कामगारांना मी डबे दिले. माहेराहून वहिनीनं पापड पाठवले, ते विकले. आजीचा जुना हिशेब आमच्या उपयोगी पडला.

पाहुणे परतले ते हिवाळ्यात, पोपटीच्या वासावर. वालाच्या शेंगा भरल्या की मडक्याला आतून भांबुर्ड्याचा पाला लावायचा, त्यात शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, मीठ आणि ओवा घालायचा, वरून पुन्हा पाला कोंबून मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ करायचा. आत पाण्याचा थेंब घालायचा नाही. शेतावर घरच्यांपुरती होणारी ही मेजवानी आता आमच्या तालुक्यांच्या हिवाळी हंगामाचा आधार आहे.

वाट आताही बदलते आहे. मार्च 2020 पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या बोटीनं जातात, त्यांना पेण-वडखळ लागतच नाही. जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू खुला झाला आणि मुंबईकर सकाळी येऊन संध्याकाळी परतू शकतो, त्याला मुक्कामाची खोली लागेलच असं नाही. म्हणून मी दिवसभराच्या पाहुण्यासाठी जेवणाची पंगत वेगळी सुरू केली आहे.

या साऱ्यातून मला दोन गोष्टी मागायच्या आहेत. रस्ता आखताना झाडं, विहिरी आणि बांधकामं मोजतात. तशीच चालती खानावळही मोजावी, भाडेकरूची असली तरी, आणि बाह्यवळण सुरू होण्याआधी तिला नव्या रस्त्यालगत गाळा द्यावा. दुसरी मागणी आमच्या मुलामुलींकडे आहे. कर्ज काढताना खोल्यांच्या खर्चात, चार महिने रिकामे गेले तर लागणारा किराणा आणि हप्तेही धरा. पाहुण्यांवाचून चालेल असं एक काम हाताशी ठेवा, मग ते पापडाचं असो वा डब्यांचं. माझ्या आजीची खानावळ आणि माझ्या खोल्या अशाच कामामुळे तगल्या. तुमच्या काळात वाट पुन्हा बदलेल, तेव्हा तुम्हीही त्याच्याच जोरावर उभे राहाल.