जुन्या डिझेल मालमोटारीच्या इंजिनाची देखभाल

यांत्रिक इंधन पंप असलेल्या जुन्या डिझेल मालमोटारीच्या इंजिनाची मालक किंवा चालक स्वतः नियमित तपासणी व स्वच्छता करू शकतो. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. दाबामुळे तापलेल्या हवेत फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. त्यामुळे स्वच्छ हवा, स्वच्छ इंधन व पुरेसा दाब या तिन्हींवर त्याचे कार्य अवलंबून असते.

स्वच्छता

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच धुतात. तापलेल्या बिडावर थंड पाणी पडल्यास तडा जाऊ शकतो. त्याआधी बॅटरीची ऋण तार सोडवून हवेचे प्रवेशद्वार, अल्टरनेटर व इंधन पंप झाकतात. सिलिंडरमध्ये पाणी शिरल्यास ते दाबले जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

इंधन प्रणाली

फिल्टर बदलल्यावर नळ्यांत हवा अडकते व इंजिन सुरू होत नाही. अशा वेळी फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करून, बुडबुडेविरहित डिझेल येईपर्यंत हातपंप मारतात. इंजेक्टरची गळती हाताने कधीही तपासू नये. उच्च दाबाची फवार त्वचेत शिरते. जखम किरकोळ दिसली तरी तातडीच्या शस्त्रक्रियेची गरज पडू शकते.

धुराचा रंग

* काळा : हवा अपुरी किंवा इंधन जास्त
* निळा : वंगण तेल जळणे
* पांढरा : न जळलेले इंधन किंवा सिलिंडरमध्ये शिरलेले शीतक

वापरलेले तेल

काजळीमुळे नवे तेलही लवकर काळे पडते. म्हणून केवळ रंगावरून ते बदलत नाहीत. काढलेले तेल गटारात किंवा जमिनीवर न ओतता अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे सोपवावे.