राष्ट्रीय युद्धश्वान दफनभूमी (ग्वाम)

राष्ट्रीय युद्धश्वान दफनभूमी हे पश्चिम प्रशांत महासागरातील ग्वाम या अमेरिकेच्या अधिपत्याखालील बेटावरचे एक स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धात १९४४ साली हे बेट जपानच्या ताब्यातून सोडवताना मृत्यू पावलेल्या अमेरिकन मरीन कोरच्या २५ श्वानांच्या स्मरणार्थ ते उभारण्यात आले.

पार्श्वभूमी

२१ जुलै १९४४ रोजी अमेरिकन सैन्य ग्वामच्या किनाऱ्यावर उतरले. त्यांच्यासोबत श्वानपथकेही होती. यांतील बरेचसे श्वान डॉबरमन जातीचे होते. सामान्य अमेरिकन कुटुंबांनी आपले पाळीव कुत्रे युद्धकार्यासाठी स्वेच्छेने दिले होते. पहारा देणे, टेहळणी करणे, निरोप पोहोचवणे, सुरुंग हुडकणे आणि गुहांत दडलेल्या शत्रुसैनिकांचा माग काढणे ही त्यांची कामे होती. कर्ट नावाच्या डॉबरमनने शत्रूची वेळीच चाहूल दिल्यामुळे सुमारे २५० सैनिकांचे प्राण वाचले, असे मानले जाते. लढाईत झालेल्या जखमांमुळे तो मरण पावला.

स्मारक

श्वानांची मूळ दफनभूमी बेटावरील असान येथे होती. पुढे ती दुर्लक्षित झाली. ग्वामच्या लढाईत श्वानपथकाचे नेतृत्व केलेले पशुवैद्य विल्यम पुटनी यांच्या पाठपुराव्यामुळे १९९४ साली, बेटाच्या मुक्ततेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, नौदलाच्या तळावर सध्याचे स्मारक साकारले. ग्रॅनाइटच्या चौथऱ्यावर सावध मुद्रेत बसलेल्या डॉबरमनचा कांस्यपुतळा असून तो शिल्पकार सुझन बहारी यांनी घडवला आहे. चौथऱ्यावर मृत श्वानांची नावे कोरलेली आहेत. पुतळ्याचे ‘सदैव निष्ठावंत’ या अर्थाचे नाव मरीन कोरच्या ब्रीदवाक्यावरून घेतले आहे. त्याची एक प्रतिकृती टेनेसी विद्यापीठाच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आहे.

युद्धोत्तर प्रश्न

युद्ध संपल्यावर प्रशिक्षित श्वान नागरी जीवनास धोकादायक ठरतील, असा मतप्रवाह लष्करात होता. पुटनी यांनी त्यांना ठार मारण्यास विरोध केला. फेरप्रशिक्षणानंतर बहुतेक श्वान घरगुती जीवनात पुन्हा रुळले. मात्र हा धडा टिकला नाही. व्हिएतनाम युद्धात वापरलेल्या हजारो श्वानांची गणना लष्करी सामग्रीत झाली आणि त्यांपैकी फारच थोडे मायदेशी परतले. निवृत्त लष्करी श्वान दत्तक देण्यास मुभा देणारा कायदा अमेरिकेत २००० साली झाला.