ओल्या हिरवळीची कापणी

ओली हिरवळ कापूं नये, हा नियम आज स्वयंसिद्ध वाटतो. परंतु तो यंत्राबरोबर आला. इंग्लंडांत लांब दांड्याच्या विळ्यानें हिरवळ कापणारे मजूर पहांटेच कामास लागत, कारण दंवानें भिजलेलें गवत सहज तुटे; ऊन चढून तें सुकलें कीं पात्यापुढें वाकून निसटे. १८३० सालीं ग्लॉस्टरशर परगण्यांतील स्ट्राउडजवळ एडविन बडिंग यानें, लोकरी कापडाची लव कातरणाऱ्या यंत्रावरून, हिरवळ कापण्याचें यंत्र काढलें. त्याच्या फिरत्या पात्यांस ओलें गवत चिकटे. ज्या ओलाव्यावर मजुराचें कसब उभें होतें, तोच आतां अडथळा ठरला! तें कसब हळूहळू मागें पडलें, ही हानि आम्हांस लहान वाटत नाहीं. पुढें मोठीं यंत्रें घोडे ओढूं लागले, तेव्हां मऊ भूमीवर खुरांचे ठसे उमटूं नयेत म्हणून त्यांस चामड्याचे जोडे चढवीत. घोड्यासाठीं नव्हे, हिरवळीसाठीं.