नदीच्या तळाचा ठाव

लोणंदच्या उत्तरेस नीरा नदी वाहते. आषाढीच्या वाटेवर ज्ञानेश्वरमहाराजांच्या पादुकांना तेथें स्नान घडतें आणि मग पालखी लोणंदच्या मुक्कामास येते. हजारों वारकरी पुलावरून नदी ओलांडतात. त्या पुलाचे खांब ज्या तळावर उभे आहेत, तो मात्र कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं.

पूर्वीं तळाचा ठाव घेण्याचें साधन म्हणजे नावाड्याची काठी किंवा शिसें बांधलेली दोरी. तिनें पाण्याची खोली कळे. तळाखालीं काय आहे तें कळत नसे. आणि खरा धोका तेथेंच असतो. पूर चढला म्हणजे प्रवाह खांबाला अडून भोंवऱ्यासारखा खालीं वळतो व पायथ्याची वाळू उकरून नेतो. पूर ओसरला कीं त्याच खड्ड्यांत भुसभुशीत गाळ भरतो. काठी लावणाऱ्यास तळ पूर्ववत् वाटतो. खांबाचा आधार मात्र गेलेला असतो. १९८७ च्या एप्रिलांत न्यूयॉर्क राज्यांतील शोहारी ओढ्यावरचा पूल पायथा असा उकरला गेल्यानें पडला व दहा माणसें दगावलीं.

हें गूढ उकलणारी विद्या बर्फांतून आली. १९२९ सालीं श्टेर्न नांवाच्या शास्त्रज्ञानें ऑस्ट्रियांतील हिमनदीची जाडी रेडिओलहरींनीं मोजली. १९७२ सालीं अपोलो १७ यानानें चंद्राच्या पृष्ठाखालचा वेध घेतला. शोहारीच्या अपघातानंतर अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यानें असलें भूभेदी रडार पुलांच्या पायथ्याशीं नेलें.

हें यंत्र होडींतून फिरवितात. लहरीचा कांहीं अंश तळावरून परततो. उरलेला गाळांत शिरून खालच्या घट्ट थरावरून परततो. त्यामुळें गाळानें बुजलेला खड्डाहि उघडा पडतो. गोड्या पाण्यांत लहर एका अब्जांश सेकंदांत सुमारें ३.३ सेंटिमीटर जाते. तळावरची लहर १२० अब्जांश सेकंदांनीं परतली, तर जाण्यायेण्याचें अंतर चार मीटर, म्हणून खोली दोन मीटर. खारें पाणी मात्र लहर गिळून टाकतें. खाडींत ध्वनिलहरींचाच आश्रय करावा लागतो.

महाबळेश्वरीं उगम पावणाऱ्या सावित्रीवरचा महाडजवळील जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महापुरांत कोसळला. एस. टी.च्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. नौदलाचे पाणबुडे गढूळ पाण्यांत कित्येक दिवस शोध घेत राहिले. नदीच्या तळाचा शोध पूल पडल्यावर घ्यावयाचा कीं तो उभा असतांना, हें ठरविणें मनुष्याच्याच हातीं आहे.