पाळण्याजवळची माणसे

दर वर्षी १९ फेब्रुवारीस शिवनेरीवर शिवजन्माचा पाळणा होतो. (तिथीने करणारे निराळ्या दिवशी करतात, तो वाद येथे नको.) आपल्या मंडळातील पुष्कळजणींनी ती दोरी धरली आहे. पाळण्यातील बाळाविषयी आपण लहानपणापासून ऐकतो. पाळण्याजवळ जी बसली होती, तिच्याविषयी चार शब्द लिहावेत असे मनात होते.

जुलै १६२९ मध्ये निजामशहाने दौलताबादेस लखुजी जाधवरावांना मुलांसह ठार करविले. जिजाबाईंना तेव्हा दिवस गेलेले होते. माहेर असे उद्ध्वस्त झालेले, शहाजीराजे मोहिमांवर, आणि पाठोपाठ १६३० चा दुष्काळ. अशा दिवसांत शिवनेरीवर बाळ जन्मले. पुढे मुक्काम बदलले, राज्ये बदलली, पण त्याला वाढविणारी आई तीच राहिली.

याच आईने पुढे नातवाचेही केले. सईबाई ५ सप्टेंबर १६५९ रोजी वारल्या, तेव्हा संभाजीराजे जेमतेम सव्वादोन वर्षांचे होते. आईला दूध पुरेना म्हणून कापूरहोळची धाराऊ त्यांची दूधआई झाली होती. एक दूधआई आणि एक आजी! जून १६६५ मध्ये पुरंदरच्या तहापायी आठ वर्षांचे हे पोर मिर्झाराजांच्या छावणीत ओलीस राहिले, आणि १६६६ साली आग्र्याहून सुटताना वडिलांनी त्याला मथुरेस मागे ठेविले. पण परत यावे अशी आजीची मांडी घरी होती. ती १७ जून १६७४ रोजी पाचाडला गेली. डिसेंबर १६७८ मध्ये संभाजीराजे दिलेरखानाकडे गेले. इतिहासकार त्यात राजकारण पाहतात, आणि ते असेलच. माझ्यासारख्या बाईच्या मनात मात्र प्रथम हेच येते की, तोवर त्यांना जवळ घेणारी आजी उरली नव्हती.

विलायतेतील डॉक्टर जॉन बोल्बी यांनी युद्धानंतरच्या निराधार मुलांविषयी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ साली अहवाल लिहिला. तान्ह्याला आईची, किंवा आईच्या जागी कायम राहणाऱ्या एका माणसाची ऊब अखंड मिळाली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. धाराऊने अहवाल वाचला नव्हता!

मला हे फार उशिरा उमगले. दुसऱ्या बाळंतपणात मी अंथरुणाला खिळले, म्हणून दीड वर्षाच्या थोरल्याला तीन महिने माझ्या आईकडे घोडेगावला ठेविले. आणायला गेले तर तो आजीच्या पदराआड लपला. सगळे हसले. मीही हसले, आणि रात्री उशीत तोंड खुपसून रडले. पुढे कित्येक दिवस मी परड्यात गेले तरी तो किंचाळत मागे येई. "कडेवर घेऊन लाडावू नकोस," असे घरात म्हणत. मी घेत राहिले.

भगिनींनो, कांदा काढणीच्या दिवसांत जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडील डोंगरी गावांतून बाया मजुरीला खाली उतरतात. त्यांची तान्ही बांधावर, झोळीत, सहा-सात वर्षांच्या बहिणीच्या स्वाधीन असतात. आपल्या मंडळाची खोली दुपारी रिकामीच असते. ती या मुलांसाठी उघडावी, असे मी येत्या सभेत मांडणार आहे. खेळणी नसली तरी चालतील. मात्र तेथे बसणाऱ्या दोघीजणी हंगामभर त्याच असाव्यात; रोज पाळी बदलू नये. पहिल्या दोघींपैकी एक म्हणून माझे नाव लिहून घ्यावे.